लहरी दिल्लीच्या, चर आपल्या रस्त्यात : गावच्या फायबरसाठी राज्य सरकार नेमकं काय करू शकतं?

माळरान | सोम, ०८/१२/२०२५ - २१:४२

आमच्या गावच्या फाट्यावर, मोरीच्या कडेला, एक नारिंगी डक्ट (केबलची प्लास्टिकची नळी) पावसाळ्यापासून उघडी लोंबते आहे. आतली केबल तुटलेली. रस्त्याचं रुंदीकरण निघालं, जेसीबीने साइडपट्टी खरवडली, त्यात ती गेली. त्याआधी जवळपास वर्षभर ग्रामपंचायतीतल्या इंटरनेटच्या पेटीवर हिरवा दिवा होता आणि आमचा संगणकपरिचालक त्यावर दाखले काढून देत होता. आता तो स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. पीकविम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत लोक त्याच्या मोबाइलला रेंज मिळावी म्हणून शाळेच्या गच्चीवर रांग लावून उभे होते. त्यात माझे सत्तरीचे काकाही होते.

मी चार ठिकाणी विचारलं. रस्तेवाले म्हणाले, केबल आमची नाही. ठेकेदार म्हणाला, नकाशावर केबल दाखवलेलीच नव्हती. केबलवाले म्हणाले, रस्त्याचं काम संपेपर्यंत दुरुस्ती करून उपयोग नाही, पुन्हा तुटेल. पंचायत म्हणाली, आमच्याकडे फक्त खोलीची किल्ली. चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे आणि केबल तशीच लोंबते आहे.

या निमित्ताने थोडं वाचलं. केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. त्याचंच पुढे भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाख ग्रामपंचायती जोडल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं. आपलं महाराष्ट्र त्यातलंच, आपल्याकडे ते महाआयटी या राज्याच्या कंपनीमार्फत महानेट या नावाने झालं. मुदती सगळीकडेच पुढे गेल्या. मग ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. एवढा पैसा, एवढी वर्षं. तरी आमच्या फाट्यावरची केबल कुणाची, हे सांगणारा माणूस सापडत नाही.

माझं म्हणणं असं की ब्रॉडबँडचं धोरण म्हटलं की आपण दिल्लीकडे बघतो, स्पेक्ट्रम (मोबाइलच्या लहरी), लिलाव, फाइव्ह-जी यांवर बोलतो. पण केबल जाते ती रस्त्याच्या कडेने, वीजखांबावरून, पंचायतीच्या खोलीत. हे सगळं राज्याच्या अखत्यारीतलं. तर राज्याने काय करायला हवं आणि आपण काय मागायला हवं, याची चर्चा इथे करावी. कायदा, बांधकाम, केबल, पंचायत यांपैकी कशातलंही जाणणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

निशिगंध_वकील | सोम, ०८/१२/२०२५ - २२:५५

धाग्याचं शीर्षक कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ३१ वी नोंद टपाल, तार, दूरध्वनी, बिनतारी, प्रसारण आणि तत्सम दळणवळणाची. म्हणजे परवाना, लहरी, दर यांत राज्याला बोलायला जागा नाही. पण राज्यसूचीत ५ व्या नोंदीत स्थानिक स्वराज्य संस्था आहेत, १३ व्या नोंदीत रस्ते आहेत, जमीन आहे. कंपनीकडे दिल्लीचा परवाना असला तरी खोदायची परवानगी इथूनच घ्यावी लागते.

यावर केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे (केबल न्यायला जागा वापरायच्या परवानगीचे) नियम केले. अर्जावर ६० दिवसांत निर्णय, नाहीतर परवानगी मिळाली असं धरायचं. भूमिगत केबलसाठी प्रशासकीय शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये. अडचण एवढीच होती की राज्यांनी आणि पालिकांनी आपापले नियम त्याला जुळवून घ्यायला वर्षं लावली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा तार कायदा बाजूला केला आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. तंटा झाला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायची सोयही कायद्यात आहे.

आता माळरानदादा, तुमच्या कामाची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये तार पायाभूत सुविधांच्या सुरक्षेचे नियम अधिसूचित झाले. जमिनीखाली तारा-केबली असू शकतात अशा ठिकाणी खोदणाऱ्याने आधी सामाईक पोर्टलवर सूचना द्यायची आणि नुकसान केलं तर भरपाई द्यायची, असा त्याचा गाभा. त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. बेशिस्त खोदाईमुळे देशात वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. तेव्हा "नकाशावर दाखवलेली नव्हती" हे ठेकेदाराचं उत्तर पुरेसं नाही. खोदण्याआधी सूचना दिली होती का, हे माहितीच्या अधिकारात रस्त्याच्या कार्यालयाला विचारा. प्रश्न एकच ठेवा : सूचनेचा क्रमांक आणि तारीख.

---

सह्यकडा | मंगळ, ०९/१२/२०२५ - ००:१०

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडेही हेच चाललंय.

---

हिशेबी | मंगळ, ०९/१२/२०२५ - ०८:३१

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. सरकारने केबल टाकायचीच कशाला? मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नावर आठ टक्के परवाना शुल्क आहे, त्यातले पाच टक्के ग्रामीण सेवेच्या निधीत जातात. पूर्वी तो युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड होता, आता डिजिटल भारत निधी. तो पैसा शेवटी आपल्याच रिचार्जमधून येतो. त्यातून चौदा वर्षं चर खोदले. तेवढ्यात खासगी कंपन्यांचे टॉवर गावोगाव पोचले. ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी आलं. छपरावर छोटा अँटेना लावून घरात वायफाय मिळतं, चर नको की परवानगी नको. उरलेल्या दुर्गम गावांसाठी केंद्राने २०२२ मध्ये २६,३१६ कोटी देऊन २४,६८० गावांत फोर-जी पोचवायचं ठरवलंच आहे. आणि गेल्या महिन्यात आपल्या राज्याने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली आणि नंदुरबारसारखे जिल्हे आहेत. मग प्रत्येक ग्रामपंचायतीत फायबर हा हट्ट का?

---

जोडणीवाला | मंगळ, ०९/१२/२०२५ - १३:०४

हिशेबीसाहेब, मी बारा वर्षं फायबर जोडतो. फाइव्ह-जीचा टॉवर हवेवर चालत नाही. टॉवरच्या पायथ्याशी फायबर असेल तरच तो फाइव्ह-जीचा वेग देतो. नाहीतर मायक्रोवेव्हच्या तबकडीवरून डोंगर ते डोंगर डेटा नाचत येतो आणि संध्याकाळी सगळं गाव व्हिडिओ बघायला बसलं की गोल फिरायला लागतं. तुमच्या छपरावरचा अँटेनाही त्याच टॉवरमधून पाणी पितो. त्यामुळे "फायबर की टॉवर" असा प्रश्नच नाही. खालची नळी एकच आहे.

आता केबल का तुटते ते सांगतो. कागदावर खोली दीड मीटरपेक्षा जास्त असते. मुरमाड जमिनीत ती पाळली जाते. खडक लागला की लोक वर येतात. मी अशा ठिकाणी जोडणी केली आहे जिथे डक्ट हातभर खाली होती आणि वर काँक्रीटचा पातळ लेप. तिथे नांगरही लागू शकतो. दुसरं, पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून निम्मी वाट जुन्या केबलवरूनच घेतली होती, नवा तुकडा फक्त शेवटच्या काही किलोमीटरचा. जुन्या केबलचा एक पदर गेला की पुढची सगळी गावं अंधारात. तिसरं, रचना सरळ रेषेत. तालुका, मग गाव एक, मग दोन, मग तीन. दोन आणि तीनच्या मधे तुटली तर तिसरं गाव मेलं. सुधारित कार्यक्रमात कडं करणार आहेत, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा येईल. हे फार आधी करायला हवं होतं.

आणि सगळ्यात मोठं कारण : केबल टाकायचे पैसे मीटरवर मिळतात, चालू ठेवायचे मिळत नाहीत किंवा उशिरा मिळतात. तुटल्याचा फोन येतो, मी ओटीडीआर (केबल किती अंतरावर तुटली ते दाखवणारं यंत्र) लावून बघतो, ४.२ किलोमीटरवर तुटली आहे हे दहा मिनिटांत कळतं. पण तिथे जायला गाडी, जोडणीचं यंत्र, दोन माणसं आणि खोदायची परवानगी लागते. मागची बिलं थकलेली असली की ठेकेदार माणूस पाठवत नाही. नव्या कार्यक्रमात बांधणाऱ्यानेच दहा वर्षं सांभाळायचं अशी अट आहे. ती पाळली गेली तर माझ्यासारख्यांना तालुक्यातच काम मिळेल आणि गावालाही नेट मिळेल.

---

निवृत्त_अभियंता | मंगळ, ०९/१२/२०२५ - १९:२०

बांधकाम खात्यात तीस वर्षं काढली. आमची बाजूही ऐका.

रस्ता करताना साइडपट्टीत कोण काय पुरून गेलं, याची नोंद एका ठिकाणी नसते. पाण्याची लाइन पाणीपुरवठ्याकडे, वीज महावितरणकडे, टेलिफोन त्यांच्याकडे, नंतर आलेल्या तीन खासगी केबली तीन वेगळ्या फायलींत. परवानगी देताना आम्ही पुनर्भरणाचे पैसे घेतो. लोकांना तो जाच वाटतो, पण डांबरी रस्त्याला आडवा चर मारून वरून माती लोटून गेलेले ठेकेदार मी पाहिले आहेत. पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतो, मोटारसायकलवाला पडतो आणि शिव्या आम्हाला. शुल्क किलोमीटरला हजार रुपयांवर आणलं हे चांगलंच. पण रस्ता पूर्ववत करायची जबाबदारी कागदावर राहू नये, एवढं आमचं मागणं होतं.

यावर उपाय एकदाच खोदणं. रस्ता होतानाच दोन रिकाम्या डक्ट टाकायच्या, ठरावीक अंतरावर चेंबर ठेवायचा, पुढे ज्याला केबल न्यायची त्याने भाडं देऊन त्यातून ओढावी. रस्त्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नगण्य आहे. डांबर आणि खडीच्या खर्चापुढे प्लास्टिकच्या नळीचं काय एवढं? २०२३ च्या कायद्यात सामाईक डक्ट आणि केबल मार्गिकांची तरतूद आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तेव्हाच सुमारे १०,००० किलोमीटर महामार्गांलगत फायबर टाकायचं जाहीर केलं. मुंबई-दिल्ली द्रुतगती मार्ग त्यात आहे. पण गावाला महामार्गाचा उपयोग नाही. गावाला जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते लागतात, आणि ते शंभर टक्के राज्याच्या हातात आहेत. राज्याच्या दरसूचीत 'डक्टसह साइडपट्टी' अशी एक बाब घातली आणि ती सक्तीची केली, तर दहा वर्षांत चर खोदायची गरजच उरणार नाही. माझ्या नोकरीत मी हे दोनदा लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं नाही.

तेलंगणाने हे पाण्याच्या बाबतीत करून दाखवलं. मिशन भगीरथची पाइपलाइन गावोगाव नेताना त्याच चरात फायबरची डक्ट घातली आणि त्यावर टी-फायबर हे राज्याचं जाळं उभं केलं. आपल्याकडे जलजीवनचे चर गल्लोगल्ली खोदले गेले तेव्हा हे सुचायला हवं होतं. ती संधी गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

मराठी_कोचीकर | मंगळ, ०९/१२/२०२५ - २२:१६

मी अकरा वर्षं कोचीत आहे, म्हणून केरळचं सांगतो. इथल्या सरकारने इंटरनेट हा नागरिकांचा मूलभूत हक्क असल्याचं धोरण जाहीर केलं आणि स्वतःचं जाळं उभं केलं. केफोन नाव. ५ जून २०२३ ला मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी उद्घाटन केलं. सुमारे तीस हजार सरकारी कार्यालयं, शाळा, दवाखाने जोडायचे आणि वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी द्यायची, असं उद्दिष्ट. बाकीच्यांना २९९ रुपयांपासून योजना, २० एमबीपीएस.

इथे चर फारसे खोदले नाहीत. वीज मंडळ या प्रकल्पातला भागीदारच आहे, म्हणून केबल बहुतेक वीजखांबांवरून गेली. खांबांची परवानगी कुणाकडे मागायची हा प्रश्नच उरला नाही. आंध्रनेही २०१५ नंतर खांबांवरूनच जाळं नेलं आणि १४९ रुपयांत फोन-टीव्ही-इंटरनेट एकत्र दिलं होतं. खांबावरच्या केबलला वादळाचा धोका असतो, पण तुटलेली डोळ्यांना दिसते आणि शिडी लावून जोडता येते.

कौतुक करून थांबत नाही. वीस लाखांचं वचन होतं आणि पहिल्या टप्प्यात ठरवलेली घरं फक्त चौदा हजार, प्रत्येक विधानसभा मतदारसंघात शंभर. खर्च सुमारे दीड हजार कोटी. कंत्राटावरून विरोधी पक्षनेते उच्च न्यायालयात गेले होते, ती याचिका फेटाळली गेली. आंध्रच्या जाळ्याच्या निविदेवरून तर गुन्हे दाखल झाले. म्हणजे राज्याने जाळं बांधायचं म्हटलं की कंत्राटाचा प्रश्न येतोच. तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन खटल्यात इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला मनाई होती, एका विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिलं होतं. अशा वातावरणात सरकारला "जमलं तर देऊ" असं म्हणता येत नाही.

---

सरपंच_मराठवाडा | बुध, १०/१२/२०२५ - ०६:५०

सकाळी वेळ मिळतो तेव्हा लिहिते. दुसरी टर्म आहे माझी.

सगळे चर आणि कायद्याचं बोलताय, मी खोलीतलं सांगते. पेटी पंचायतीत बसवून गेले तेव्हा एका कागदावर सही घेतली. पेटी कुणाची, बिघडली तर फोन कुणाला करायचा, विजेचं बिल कुणी भरायचं, यांतलं काही त्यावर नव्हतं. आमच्याकडे भारनियमन. बॅटरी पहिल्या वर्षी बसली. बिल पंचायतीने भरायचं तर अबंधित निधीतून, आणि त्याच निधीवर दिवाबत्ती, गटार, शाळेची कौलं अशी पंचवीस तोंडं आहेत. घरपट्टीची वसुली दुष्काळात काय होते ते तुम्हाला माहीत आहे.

संगणकपरिचालक हा तर वेगळाच विषय. २०११ ला संग्राम केंद्रं आली, नंतर आपले सरकार सेवा केंद्रं. नाव बदललं, पोरांचं मानधन वेळेवर मिळायची मारामार तीच राहिली. आझाद मैदानात किती वेळा बसली ती पोरं. लाखो रुपयांची केबल आणायची आणि ती चालवणाऱ्या पोराला सहा महिने पैसे द्यायचे नाहीत, हे कसलं धोरण?

हिशेबीदादा, तुम्ही म्हणता टॉवर आलाय. आलाय. आमच्या रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा घेताना तो चालत नाही. बायका सकाळी येतात, दुपारी "सर्व्हर नाही" ऐकून परत जातात, एक मजुरी बुडते. आरोग्य उपकेंद्रातल्या आशाताई घरी जाऊन रात्री अकराला माहिती भरतात, कारण तेव्हा नेट जरा मोकळं असतं. या बायकांना वेग किती एमबीपीएस ते कळत नाही. अंगठा लागला की नाही, एवढंच कळतं.

---

हिशेबी | बुध, १०/१२/२०२५ - ०९:१५

ताई, हे मला माहीत नव्हतं. रेशनच्या दुकानाचा मुद्दा पटला. जोडणीवाल्यांचं "खालची नळी एकच" हेही पटलं.

माझा आग्रह आता एवढाच : सरकारने नळी टाकावी, पाणी विकू नये. गावात घरोघर जोडणी द्यायचं काम गावच्या केबलवाल्याकडे द्या. त्याला घरं माहीत आहेत, बिघाड झाला तर लोक त्याच्या दारात जातात, म्हणून तो येतोच. पंचायतीच्या पेटीपासून पुढे फायबर कोणत्या दराने मिळेल, ते जाहीर फलकावर असावं आणि मागेल त्याला मिळावं. एकाच बड्या कंपनीला सगळं देऊन टाकायला माझा विरोध राहील.

---

कॅरोलिनाची_सई | बुध, १०/१२/२०२५ - १०:०२

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहते. 'राज्याच्या हातात काय आहे' याची इथली गोष्ट सांगते, कारण राज्य अडवायला लागलं तर काय होतं ते मी जवळून पाहिलं.

आमच्या पूर्वेला तासाभरावर विल्सन नावाचं गाव आहे, पन्नासेक हजार वस्तीचं. पूर्वी तंबाखूच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तिथल्या नगरपालिकेने कंपन्यांना विनवलं की आमच्याकडे फायबर आणा. कुणी आलं नाही. मग पालिकेचं स्वतःचं वीज खातं होतं, त्याच्या बळावर त्यांनी २००८ मध्ये 'ग्रीनलाइट' नावाने स्वतःच जाळं सुरू केलं. ते चाललं. चाललं म्हणून कंपन्या राज्याच्या विधिमंडळात गेल्या आणि २०११ मध्ये कायदा झाला : पालिकांनी ही सेवा द्यायची तर एवढ्या अटी की कुणी नव्याने धजूच नये, आणि विल्सनने आपल्या काउंटीबाहेर (म्हणजे जिल्ह्याबाहेर) पाऊल टाकायचं नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा अडथळा मोडीत काढला. विल्सनने लगेच शेजारच्या पाइनटॉप्स या तेराशे वस्तीच्या गावाला जोडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने निकाल फिरवला : पालिका ही राज्याची निर्मिती, तिला काय करू द्यायचं ते राज्य ठरवणार, केंद्रीय आयोगाला तो अधिकार नाही. म्हणजे पाइनटॉप्सची जोडलेली केबल कापायची वेळ आली. ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू वादळाने तो भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी लोकांचं नेट काढून घ्यायला विल्सनचं मन धजेना. पैसे घेतले तर कायदा मोडतो, म्हणून त्यांनी काही महिने सेवा फुकट दिली. शेवटी २०१७ मध्ये विधिमंडळाने, दुसरी कंपनी फायबर घेऊन येईपर्यंत चालू ठेवा, अशी तात्पुरती सूट दिली.

त्याच खटल्यात टेनेसीतलं चॅटनूगा होतं. तिथल्या वीजमंडळाने २०१० मध्येच गावभर एक गिगाबिट दिलं होतं, पण त्यांच्या वीज क्षेत्राच्या पलीकडे शेतात राहणाऱ्या कुटुंबाला ते द्यायला कायद्याने बंदी. कोलोरॅडोने असा कायदा २००५ मध्ये केला आणि २०२३ मध्ये स्वतःच मागे घेतला.

पैशाचंही तसंच. नोव्हेंबर २०२१ च्या कायद्यात ४२.४५ अब्ज डॉलर ब्रॉडबँडसाठी ठेवले, वाटप राज्यांमार्फत. राज्यांनी नकाशे केले, हरकती ऐकल्या, कंपन्या निवडल्या. जून २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि पुन्हा निवड करायला लावली. गरिबांच्या बिलात महिना ३० डॉलर सूट देणारी दुसरी योजना जून २०२४ मध्ये निधी संपल्यावर बंद झाली. तिच्यावर दोन कोटींहून जास्त कुटुंबं होती. आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना मी तेव्हा फॉर्म भरायला मदत करत असे, म्हणून ते बंद झालेलं टोचतं.

सांगायचं एवढंच की तुमच्या पंचायतींना निदान कुणी बंदी केलेली नाही. ती होऊ देऊ नका.

---

निशिगंध_वकील | बुध, १०/१२/२०२५ - २१:३०

सईताईंचा प्रतिसाद अमूल्य. शेवटच्या वाक्याला जोडून : आपल्याकडे पंचायत आणि दूरसंचार यांचं भांडण वेगळ्या अंगाने झालं, कराच्या. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावायचा राज्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या खटल्यात मान्य केला. २०२३ च्या कायद्याने मात्र दूरसंचार नेटवर्क हे ज्या मालमत्तेवर उभं आहे तिच्यापासून वेगळं धरलं आहे. छोट्या पंचायतींना टॉवरचा कर हे चांगलं उत्पन्न होतं. ते जाणार असेल तर त्याबदल्यात राज्याने पंचायतीला निदान पेटीचं वीजबिल आणि परिचालकाचं मानधन द्यावं, ही मागणी रास्त आहे.

---

मांडवीकाठ | गुरू, ११/१२/२०२५ - ०८:०५

गोव्यातून. खांबांचं सगळं गोड नाही. इथे वीज खात्याच्या खांबांवर वर्षानुवर्षं केबली टांगल्या गेल्या, भाडं थकलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि यंदा खात्याने केबली उतरवायला सुरुवात केल्यावर घरोघर नेट गेलं. खांबाचं भाडं आणि केबलची नोंद पहिल्या दिवशी ठरली नाही तर दहा वर्षांनी ग्राहक भरडला जातो. केंद्राने २०२२ मध्ये खांबामागे वर्षाला १०० रुपये असा दर सुचवलेला आहेच. महाराष्ट्राने खांब वापरायचे ठरवले तर आधी मोजणी करा.

---

माळरान | शुक्र, १२/१२/२०२५ - २२:४८

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात होतं की राज्याने केरळसारखं स्वतःचं जाळं उभारावं. आता तसं वाटत नाही. जाळं बऱ्यापैकी आहे. ते कुणी सांभाळायचं हे ठरलेलं नाही. तेव्हा माझी मागणी सरपंचताईंच्या खोलीपासून सुरू होते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचं ठरवलं आहे. कच्चा मसुदा असा :

"ही ग्रामसभा राज्य शासनास विनंती करते की, तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फायबर केबलीचा मार्ग, तिची मालकी आणि दुरुस्तीस जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम पंचायतीच्या फलकावर लावावे. केबल तुटल्याची तक्रार पंचायतीने नोंदवल्यापासून तीन दिवसांत दुरुस्ती व्हावी, न झाल्यास त्या दिवसांचे देखभालीचे देयक कापावे. राज्य व जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या कामाचा आदेश देण्याआधी खोदाईच्या सूचनेचा क्रमांक घ्यावा. नव्या रस्त्यांच्या अंदाजपत्रकात रिकाम्या डक्टचा समावेश करावा. पेटीचे वीजबिल व परिचालकाचे मानधन राज्याने द्यावे. पंचायतीपासून पुढे घरोघर जोडणी देण्यासाठी फायबर जाहीर दराने स्थानिक केबलचालकांना मिळावी."

राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ब्रॉडबँड समिती आहे, राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनखाली प्रत्येक राज्यात नेमलेली. ठरावाची प्रत तिकडे पाठवणार. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आज टाकला, निशिगंधताईंनी सांगितला तोच एक प्रश्न.

---

जोडणीवाला | शनि, १३/१२/२०२५ - १२:२२

मसुद्यात एक घाला. मार्ग म्हणजे नकाशावर रेघ ओढून देतात, तिचा उपयोग नाही. प्रत्येक चेंबर आणि प्रत्येक जोडणीचे अक्षांश-रेखांश मागा, आणि चेंबरच्या झाकणावर क्रमांक. तो असेल तर मी रात्रीसुद्धा जागा शोधू शकतो. आणि तुमच्या मोरीजवळची उघडी डक्ट पावसाआधी दोन्ही टोकांना टोपी लावून बंद करून घ्या. आत चिखल आणि उंदीर गेले की पुढे नवी केबल ओढताच येत नाही, सगळी लांबी बदलावी लागते. टोपी किरकोळ किमतीत मिळते.

---

सरपंच_मराठवाडा | शनि, १३/१२/२०२५ - २०:४०

माळरानदादा, जोडणीवाल्यांचं घालून पक्का मसुदा इथेच टाका, मी गावाचं नाव बदलून आमच्याकडेही मांडते. आमच्या गटातल्या आणखी सहा सरपंच बायका माझ्या ग्रुपवर आहेत, त्यांनाही देते. नोटीस मी आठवडाभर आधी लावते, म्हणून संक्रांतीपर्यंत मिळाला तर बरं. आणि त्या टोपीचा आकार कुठला घ्यायचा तेही लिहा, आमच्या वेशीजवळ दोन उघड्या आहेत.

---

जोडणीवाला | शनि, १३/१२/२०२५ - २१:०९

ताई, बहुतेक ठिकाणी बाहेरून ४० मिलिमीटरची डक्ट असते. तरी पट्टीने मोजून फोटो टाका, मग सांगतो.